बगीच्यातील मोकळी कुत्री आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली आणि त्यानंतर हातात पाटी राहिली ती पोळपाटाची. या वर्षी सेक्रेटरीबाईंनी ‘तुम्ही बोलाच’ असा हट्ट धरला. त्यांचे म्हणणे होते की मी लोणच्या-पापडांवर बोलावे. मी म्हटले, बोलेन तर कुत्र्यांवर बोलेन. त्या हसल्या. पण आपल्या मंडळातील ज्या भगिनींचा उजवा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता, त्या हसल्या नाहीत. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आपण दहा-बाराजणी सकाळी बगीच्यात फिरावयास जातो. घरातली कामे उरकण्यापूर्वीचा तेवढा एक तास आपला असतो. गेल्या पौषात एका सकाळी, थंडी बरीच होती, आम्ही फाटकातून आत शिरतो तोच एक मोठा तांबूस कुत्रा धावत आला आणि त्याने दोन्ही पाय या बाईंच्या छातीवर ठेवले. चावला नाही, भुंकलासुद्धा नाही. परंतु साठी उलटलेल्या बाईंचा तोल गेला आणि हात टेकून त्या फरशीवर पडल्या. मनगटाचे हाड मोडले. कुत्र्याच्या गळ्यात चांगला पट्टा होता. साखळीही होती, पण ती पंधरा पावले मागे एका मुलाच्या हातात लोंबत होती. तो मुलगा लांबूनच ओरडून सांगत होता, ‘काकू, घाबरू नका, तो काही करत नाही!’

भगिनींनो, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी ते म्हटलेही असेल. म्हणणारा खोटे बोलत नसतो. घरात तो कुत्रा खरोखरच काही करत नाही, पोरांच्या अंगावर लोळतो. पण समोरच्या बाईला हे कसे कळावे? तिला दिसतो तो अंगावर येणारा कुत्रा. शिवाय ‘काही न करता’ हाड मोडता येते, हे आपण पाहिलेच.

त्या दिवशी आम्ही फार रागावलो होतो. कोणी म्हणाले पोलिसांत जाऊ, कोणी म्हणाले त्या घराशी बोलणे सोडू. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘भांडाले जासान त थे बी भांडतीन. तिळगूळ घेऊन जा, मंग बोला.’ ते दिवस हळदीकुंकवाचेच होते. आम्ही तिघी गेलो. त्या घरच्या बाईंनी बसावयास दिले, चहा केला, आणि आम्ही विषय काढताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दवाखान्याचा खर्च देण्याचे त्यांनी आपण होऊनच सांगितले. पण पुढे त्या जे बोलल्या ते मला अजून विसरता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘वहिनी, आमचा कुत्रा चुकला, कबूल. पण तुम्ही रोज सकाळी बगीच्याच्या फाटकाशी पोळ्या टाकता, तिथे सात-आठ कुत्री जमतात. आमचा मुलगा साखळी सोडतो ती त्यांच्यामुळे. बांधलेल्या कुत्र्याला ती घेरतात.’

मी गप्प झाले. गोष्ट खरी होती. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या पदराखाली डब्यात घेऊन जाणे हा माझा सात-आठ वर्षांचा नेम. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले. ती शेवटची पोळी कुठे टाकावी, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. ज्या फाटकातून लहान मुले झोक्यांकडे धावत जातात, त्याच फाटकाशी मी कुत्र्यांची पंगत मांडत होते. पुण्य माझे आणि भीती दुसऱ्याच्या पोरांना!

आता मी या विषयाचा एवढा ध्यास का घेतला ते सांगते. हे मी मंडळात आजवर कधी बोलले नाही.

माझे माहेर घाटंजीकडच्या एका खेड्यातले. १९९० च्या सुमाराची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस, मोठी माणसे सारी शेतावर. गावात एक पांढरा कुत्रा होता, कोणाचाच नव्हे आणि सगळ्यांचा. आम्ही पोरे त्याच्याशी खेळत असू. एके दिवशी तो कुत्रा माझ्या चुलतभावाच्या पोटरीला चावला. भाऊ सात वर्षांचा होता. जखम फार नव्हती, दोन दातांची. संध्याकाळी मंडळी घरी आली. जखमेवर तिखट भरले, तेल लावले. यवतमाळला न्यावे असे काका म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना अडवले. त्या काळी पोटात चौदा सुया टोचत, रोज एक, आणि त्यांची धास्ती अशी होती की तेवढ्या लहान पोराला त्या सोसणार नाहीत असे बाया म्हणाल्या. चौदा दिवस वेचणी सोडून तिथे कोणी राहावयाचे, हाही प्रश्न होताच. शेजारच्या गावी एक जाणता होता. त्याने गुळातून मुळी दिली आणि पथ्य सांगितले. पांढरा कुत्रा तीन दिवसांनी ओढ्याकाठी मरून पडलेला सापडला. तेव्हाही कोणाच्या मनात आले नाही.

दीड महिन्याने भावाला ताप आला. जखमेची जागा चुरचुरते म्हणू लागला. दुसऱ्या दिवशी काकूने पाण्याचा पेला तोंडाशी नेला, तर तो किंचाळून मागे सरला. तहान तर लागलेली, ओठ सुकलेले, आणि पाणी समोर आले की गळा आवळल्यासारखा होई. वाऱ्याची झुळूक आली तरी अंग थरथरे. मला दारातून हाकलून दिले, पण मी फटीतून पाहिले होते. तिसऱ्या दिवशी सारे संपले. माझी काकू आज म्हातारी झाली आहे. ती अजूनही कोणाच्या हातात पाण्याचा पेला देत नाही, समोर खाली ठेवते.

पुढे माझ्या मुलीच्या पुस्तकात मी वाचले की फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला या रोगाची लस प्रथम टोचली. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या त्या मुलाला त्याची आई पॅरिसला घेऊन गेली होती. तो वाचला. १८८५ साली! आणि शंभर वर्षांनंतर आमच्या खेड्यात तिखट भरत होते. त्या चौदा सुयांची लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. हल्लीची लस दंडावर देतात. पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा खेपा असतात. दुसऱ्या पद्धतीत चौदावा दिवसही येतो. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. एकही खेप चुकवू नये. जखम बरी दिसली म्हणून पुष्कळ जण तिसरी-चौथी सुई सोडून देतात.

परंतु दवाखान्याआधी घरी करावयाचे एक काम आहे आणि ते आपल्या हातातले आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ पाहून धुवावी, कारण दोन मिनिटांतच आपल्याला वाटते की पुष्कळ झाले. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती वेगळे औषध टोचावे लागते. ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. लहान पिलाने ओरखडले तरी दवाखाना चुकवू नये. घरचा कुत्रा आहे, मागच्याच महिन्यात आणला आहे, हे कारण होऊ शकत नाही. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की मग उपाय चालत नाही.

आता बगीच्यात कुत्रा अंगावर आला तर काय करावे? आपण धावतो, आणि नेमके तेच चुकते. धावणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभावच आहे. जागच्या जागी उभे राहावे, हात छातीशी घ्यावेत, त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत, ओरडू नये. हुंगून तो बहुधा निघून जातो. मग हळूहळू, पाठ न फिरवता, मागे सरावे. पडलोच तर अंगाची मोट करून मान आणि कान हातांनी झाकावेत. मी माझ्या नातवंडांना घरी हा खेळ म्हणून शिकवला, ‘झाड हो’ म्हटले की दोघेही ताठ उभी राहतात. आणखी एक आपल्या अनुभवाचे आहे. भाद्रपदात कुत्र्यांची झुंड फिरते, त्या वेळी त्यांच्या वाटेला जाऊ नये. पुढे दोन महिन्यांनी पिले होतात, तेव्हा आई कुत्री जवळ कोणाला येऊ देत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात मुलांना पिलांजवळ जाण्यापासून सांभाळावे.

माझ्या आईला वाटे, एवढे काय कुत्र्याचे भय. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या बाजूला तेरा माणसांच्या मृत्यूशी नाव जोडलेल्या वाघिणीमुळे बाया शेतात जावयास धजत नव्हत्या. तिची चर्चा साऱ्या देशात झाली. कुत्र्याची कोण करतो? तरी सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ साली देशात सुमारे ३७ लाख लोकांना कुत्रे चावले.

कायद्याचे थोडे सांगते. माझ्या मुलीने वाचून समजावले तेवढेच. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून मालकाने काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोकाट कुत्र्यांबद्दल २०२३ चे केंद्राचे नियम आहेत. पकडावे, शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी आणि जिथून आणले तिथेच सोडावे. असे केलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आता तुम्ही पाहाल तेव्हा ओळखाल. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, हेही त्यातच लिहिले आहे. हे ऐकले तेव्हा माझी मान खाली गेली.

नागपूरच्या उच्च न्यायालयाने २०२२ च्या ऑक्टोबरात सांगितले होते की ज्यांना खाऊ घालावयाचे त्यांनी कुत्रे घरी न्यावे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीची सारी कुत्री उचला असा हुकूम झाला, अकरा दिवसांत तो बदलला, आणि नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, खेळाची संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री काढण्यास सांगितले. बगीचा त्या यादीत मला काही दिसला नाही. मोठमोठ्या न्यायाधीशांनाही हा प्रश्न एका झटक्यात सुटत नाही, तर आपणच एकमेकींवर का चिडावे, असे मला वाटले. मारून टाकावीत, विष घालावे, असे आपल्यापैकी दोघी-तिघी म्हणतात. मला ते पटत नाही, आणि तो गुन्हाही आहे. गोव्याने कुत्र्यांना घरोघरी, गल्लोगल्ली लस टोचली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज आटोक्यात आणणारे म्हणून जाहीर झाले. गोवा आपल्याहून फार वेगळा मुलूख नाही.

आम्ही काय केले ते सांगून थांबते. माझा पोळ्यांचा डबा आता बगीच्यामागच्या पडक्या भिंतीशी जातो, तोही दुपारी. पहिले पंधरा दिवस कुत्री सवयीने फाटकाशीच बसून राहिली, मला पाहून शेपट्या हलवीत. फार वाईट वाटले, पण पोळी टाकली नाही. आता तिथे दोन-तीनच दिसतात. त्या शेजारीणबाईंचा मुलगा साखळी हातात धरून सकाळी साडेपाचला, आपल्याआधी, चक्कर मारून जातो. शस्त्रक्रियेसाठी आपण चौतीस बायांच्या सह्यांचा अर्ज दिला. पोच मिळाली, काम अजून सुरू झाले नाही. दर महिन्याला दोघींनी जाऊन विचारावयाचे ठरले आहे. पुढच्या महिन्याची पाळी कोणाची ते वहीत लिहिले आहे.

दुसरी एक वही आज दाराजवळ ठेवली आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी जाताना नाव आणि लस टोचल्याची तारीख लिहावी. तीन महिन्यांच्या पिलाला पहिली लस आणि पुढे दरवर्षी, असा हिशेब आहे. तारीख आठवत नसेल तर रकाना कोरा ठेवावा. त्या सगळ्यांना मिळून आपण एक दिवस जनावरांच्या दवाखान्यात जाऊ. वहीत पहिले नाव त्या तांबूस कुत्र्याच्या घरचे आहे. ते त्या बाईंनी स्वतः लिहिले, आणि पेन त्यांना दिले ते आपल्या प्लास्टरवाल्या काकूंनी.