कंदिलाच्या उजेडात आगाशिवची लेणी
(सभासद व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



जानेवारीतील एका रविवारी सातारा व सांगली जिल्ह्यांतील सभासदांनी कराडजवळची आगाशिवची लेणी कंदिलाच्या उजेडात पाहावीत, असे ठरत आहे. त्याची आखणी आपल्यापुढे मांडण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

प्रथम एक कबुली देतो. विद्यार्थिदशेत आम्ही चारपाच मित्र एका लेण्यात गेलो होतो. श्रद्धेपोटी स्तूपाच्या पायथ्याशी मेणबत्त्या लावल्या, पेटती मशाल भिंतीला टेकवून ठेवली. काही वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा काजळीचा तो पट्टा तसाच होता. बुद्धांना वंदन करायला गेलो आणि त्यांचे घर काळे करून आलो, याची लाज आजही वाटते.

जखिणवाडीच्या वरच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. ती साधी आहेत. भिक्खूंच्या खोल्या, दगडी ओटे आणि चैत्यगृहांत स्तूप. तेथे एका ब्राह्मी लेखात गोपाळाचा पुत्र संघमित्र याने लेण्याचे दान दिल्याची नोंद आहे. आम्ही बँकेतले कारकून. दात्याचे नाव, बापाचे नाव आणि दिलेली वस्तू, एवढी नोंद आम्हाला पुरते. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावरही करहकट, म्हणजे आपल्या कराडच्या दानाची नोंद आहे. आपल्या भागातील माणसांनी धम्मासाठी पदरचे दिले, याचा हा दगडातला पुरावा आहे. त्यावर काजळी चढली तर अक्षरे वाचायची कशी?

आता आखणी. पुरातत्त्व खात्याला आधी पत्र द्यायचे. संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर परवानगीविना थांबता येत नाही. म्हणून दुपारी तीनला चढण आणि साडेपाचला उतरण. आतल्या खोल्यांत दिवसाही अंधार असतो, तेव्हा कंदिलाचे काम तेथे आहेच. कंदील बॅटरीवरचेच न्यायचे. रॉकेलचा कंदील, मशाल, मेणबत्ती, अगरबत्ती वर नको. धुराने दगड काळवंडतो आणि आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नाही. दहा-दहा जणांचे गट करावेत, प्रत्येक गटात दोन विद्यार्थी माहिती सांगणारे. कंदील समोरून न धरता भिंतीलगत बाजूने धरावा. तिरप्या उजेडात छिन्नीचे घाव व पुसट अक्षरे उठून दिसतात. मात्र अक्षरांना हात लावू नये, त्यांवर खडू फिरवू नये.

ही आखणी ऐकून आमच्या आईने विचारले, "स्तूपापाशी दिवा लावायचा नाही, तर मग एवढ्या लांब कशाला न्यायचं मला?" तिने आयुष्यभर पौर्णिमेला दिवा लावला आहे. तिला दुखवणे आमच्याच्याने होत नाही. आम्ही म्हणालो, "आई, दिवे खाली उतरल्यावर लावू. वर तू कंदील धर, नात अक्षरे वाचून दाखवेल." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने चपलांचा अंगठा शिवायला टाकला.

तेव्हा खाली उतरून पायथ्याशी सामुदायिक वंदना होईल, तेथे प्रत्येकाने मनसोक्त दिवा लावावा. नावे या महिनाअखेर नोंदवावीत, ही विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!