काडी आधी, गॅस नंतर

आम्ही अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या अंगाच्या. आमचा बचत गट हिवाळ्यात पाहुण्यांसाठी तंबू लावतो. पिठलं-भाकरी, चहा, सकाळी पोहे आणि रात्री शेकोटी. आज बोलायचं आहे ते या शेकोटीबद्दल, कारण तिच्यावरून आमच्या गटात दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या.

शहरातून येणारा पाहुणा जेवणाआधी विचारतो, "कॅम्पफायर आहे ना?" त्याला वाटतं, लाकूड काय, जंगलात पडलेलंच असतं. मोळी डोक्यावरून आणणाऱ्या आम्ही. एका रात्रीच्या हौसेला जेवढी लाकडं जळतात, तेवढ्यात आमच्या चुलीचे दोन दिवस निघतात. शिवाय बाजूला अभयारण्य. दिवाळीनंतर गवत वाळलं की एक ठिणगी पुरते, आणि राखीव जंगलात आग पेटवणं हा 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. आमचे तंबू मालकीच्या वावरात असले तरी ठिणगीला बांध कळत नाही. म्हणून ठरलं, गॅसची शेकोटी करायची. तिला ठिणगी नाही, धूर नाही, आणि कॉक फिरवला की विझते.

पहिली शेकोटी आम्ही केली ती आता सांगायलाही लाज वाटते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात लोखंडी घमेलं, घमेल्यात भोकं पाडलेली तांब्याची नळी, वर नदीतले गोलगोल गोटे. सिलिंडर धाकट्या वहिनींच्या घरचा. दिसायला फार छान! ज्योत मात्र पिवळी आणि काजळीची, कारण नळीत गॅसबरोबर हवा मिसळायला वाटच ठेवली नव्हती. तासाभरात एक गोटा फट्‌कन फुटला. नदीतल्या दगडाच्या पोटात पाणी असतं, ते तापून वाफ होते आणि दगड फोडून बाहेर येते. कपची एका मुलाच्या शेजारून गेली. तेव्हाच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या रात्री वाऱ्यानं ज्योत विझली. कॉक उघडाच. वहिनी काडीपेटी शोधत राहिल्या, दोन-तीन मिनिटं गेली असतील. वास येत होता, पण गॅस म्हटल्यावर वास येणारच असं वाटलं. त्यांनी वाकून काडी ओढली आणि भप्‌कन जाळ छातीपर्यंत उठला. भुवया गेल्या, उजवं मनगट भाजलं. कुणीतरी धावत टूथपेस्ट आणली. दवाखान्यातल्या सिस्टर नंतर आम्हाला जे बोलल्या ते योग्यच होतं: भाजलं की साधं गार पाणी वीस मिनिटं, दुसरं काही चोपडायचं नाही.

झालं काय होतं? लाकडाचा धूर वर जातो, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच वर जातं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. न जळलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागेत साठतो. आम्ही त्याच्यासाठी खड्डा खणून, वर घमेल्याचा बूड लावून दिला होता.

पहिल्या बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, बंद करा. आमच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "बंद करायचीच असेल तर आधी नीट करून बघा, मग बंद करा." ते पटलं.

आता आहे ती शेकोटी अशी. ट्रकच्या जुन्या चाकाची डिस्क घेतली, मधे मोकळी असलेली. वेल्डिंगवाल्याकडून तिला तीन पाय लावून जमिनीपासून वीतभर उचलली. गॅस गळालाच तर मधून खाली पडतो आणि वाऱ्यानं पांगतो. बर्नर घरी केला नाही. हॉटेलच्या शेगडीला असतो तसा बिडाचा, हवा मिसळायच्या नळीसकट विकत आणला. हवा घेण्याचं तोंड डिस्कच्या बाहेर ठेवलं, म्हणजे त्यात वाळू-राख जात नाही. वर गोट्यांऐवजी भट्टीच्या विटेचे कोरडे तुकडे, ज्योतीला वाट राहील असे विरळ. पावसात भिजले तर आधी उन्हात वाळवायचे, आणि पहिल्यांदा पेटवताना जवळ कुणी बसायचं नाही.

सिलिंडर घरचा नाही. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला बंदी आहे, आणि आमचा तर धंदाच. आता 5 किलोचा छोटा सिलिंडर घेतो, तो ओळखपत्र दाखवून मिळतो. रेग्युलेटर एजन्सीनं दिलेलाच. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटर, पुढचं अंतर लोखंडी पाइपनं. ही जोडणी गॅसच्या मेकॅनिककडूनच करून घेतली, त्यात हौस नको. कॉक पाइपावर, जाळापासून हातभर लांब. सिलिंडर उभा, दहा-बारा फुटांवर, वारा येतो त्या बाजूला. उतार असेल तर शेकोटीच्या वरच्या अंगाला ठेवू नका, गळका गॅस घसरत थेट जाळाकडे येईल. रोज पेटवण्याआधी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की त्या रात्री शेकोटी नाही, पाहुणा कितीही मोठा असो.

सिलिंडर घेताना त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवरचं अक्षरही वाचत जा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती मुदत उलटली असेल तर परत करा. घरच्या सिलिंडरलाही हेच.

थंडीत एक अडचण येते. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन गॅस मिसळलेले असतात. प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही उडतो, ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या आसपास गारठून बसतो. त्यात गॅस निघताना सिलिंडर स्वतःच थंड पडतो, अंगावर दव धरतं आणि ज्योत मरगळते. मग कुणीतरी सुचवतं, सिलिंडर जरा जाळाजवळ सरकवा, नाहीतर आडवा करा. दोन्ही कधीच नाही. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस नळीत येतो. ज्योत बारीक ठेवा, तेवढं पुरतं. आम्ही सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पाहिलं, मध्यम ज्योतीला तासाला साधारण तीनशे ग्रॅम लागतो. दोन तासांची शेकोटी धरली तर एक सिलिंडर आठ रात्री.

आणि कॉकजवळ आमच्यातली एक जण पूर्णवेळ बसते. वारा, गप्पा, फोटो काही असो, ती उठत नाही. ज्योत विझली की कॉक बंद, पाच मिनिटं थांबायचं, मग काडी पेटवायची आणि त्यानंतर गॅस सोडायचा. वास आला तर रेग्युलेटर बंद, काडी नाही, बॅटरीचं बटणही नाही. 1906 हा गॅस गळतीचा नंबर आम्ही तंबूच्या खांबावर रंगवून ठेवलाय.

या जानेवारीत एका पाहुण्यानं मध्यरात्री मागणी केली, पोरं कुडकुडतायत, शेकोटी तंबूत द्या, दुप्पट पैसे देतो. पाळीवर वहिनीच होत्या. त्यांनी सिलिंडरच काढून घरात नेला आणि चार गोधड्या आणून दिल्या. बंद जागेत जाळाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडकी लावणाऱ्या घरांनाही आम्ही हेच सांगतो. पाहुणे रागावून सकाळी पोहे न खाताच गेले. दुसऱ्या बैठकीतलं भांडण त्याच पैशांवरून. मावशींनी वहिनींची बाजू घेतली.

मेच्या अखेरीला काजवे सुरू होतात. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकू लागतात. त्यांना अंधार लागतो, म्हणून तेव्हा शेकोटी अजिबात नाही. डिस्क पुसून, बर्नरचं तोंड फडक्यानं बांधून आम्ही ती गोठ्याच्या माळ्यावर चढवतो. वहिनींच्या भुवया परत आल्यात, थोड्या विरळ.