स्वेटरचे पैसे कोणी भरले?



कामगार-चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत लोकरी स्वेटरवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण कपडा दिसला की तो विणला कोणी, घातला कोणी आणि त्याचे पैसे भरले कोणी, हे तीन प्रश्न विचारण्याची आम्हांला खोडच आहे.

अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या संघांची आठवण म्हणून जुन्या धर्तीचे स्वेटर विणून विकले जातात. जाड लोकर, पुढे बटणे, छातीवर संघाचे एक ठसठशीत अक्षर. ही अक्षराची चाल जुनीच. हार्वर्डच्या विद्यार्थी-संघाने १८६५ साली आपल्या सदऱ्यांवर 'एच' लावला होता. त्या काळी लोकर ही हौस नव्हती, गरज होती. एप्रिलच्या थंडीत सामने सुरू होत आणि चेंडू फेकणाऱ्याचा खांदा आखडू नये म्हणून तो बाकावर येताच स्वेटर चढवी. खेळण्याचा गणवेशही लोकरी फ्लॅनेलचा. भर उन्हाळ्यात तो घामाने जड होई. पिट्सबर्गच्या संघाने १९७० मध्ये नायलॉनमिश्रित सुताचा गणवेश घेतला आणि फ्लॅनेल मागे पडले.

आता पैशांचा प्रश्न. १८६९ मध्ये सिनसिनाटीचा संघ उघडपणे पगारी झाला. परंतु पुढच्या दशकात मालकांनी गणवेशापोटी खेळाडूकडून ३० डॉलर घेण्याची रीत पाडली. छातीवर अक्षर क्लबचे आणि भुर्दंड मात्र छातीवाल्याला! १९१२ मध्ये डेव्हिड फुल्ट्झ या माजी खेळाडू-वकिलाच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना उभी राहिली. १९१४ मध्ये मालकांनी तिच्या ज्या मागण्या मानल्या, त्यांत गणवेशाचा खर्च क्लबने सोसावा ही एक होती.

कपडा सुटला, माणूस अडकलेलाच राहिला. करारातल्या राखीव कलमामुळे, मालकाने सोडल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. पोलाद-कामगारांच्या संघटनेत मुरलेले मार्विन मिलर १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे सूत्रधार झाले आणि १९७५ च्या लवाद-निर्णयाने ती बेडी तुटली. काळ्या खेळाडूंना तर १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मोठ्या लीगचे दारच बंद होते. १९२० पासून त्यांनी स्वतःच्या लीग चालविल्या. त्या संघांची नावेही आज या कपड्यांवर झळकतात.

या स्वेटरांना आमचा विरोध नाही. चांगली लोकर, चांगली वीण, अवश्य घालावी. परदेशी असलेल्या तुमच्या मुलाने उद्या असा एखादा स्वेटर घरी आणला, तर त्याची ऊब जरूर घ्या. फक्त त्याला विचारा, "हा संघ जिंकला केव्हा, ते तुला ठाऊक असेल, पण याच्या खेळाडूंना गणवेश फुकट मिळू लागला केव्हा, ते ठाऊक आहे का?" त्याला ठाऊक नसेल, तर १९१४ साल तुम्ही सांगा.