पावती नसलेले भाडेकरू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार बायकांत बसून बोलणे निराळे आणि असे उभे राहून भाषण करणे निराळे. मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा काही चुकले तर पदरात घ्यावे. विषय मात्र मी असा घेतला आहे, की जो तुम्हां सर्वांच्या मुठीत आहे. ज्या मोबाइलवरून आपण सकाळी उठून एकमेकींना ‘सुप्रभात’ पाठवतो, त्यातल्या व्हॉट्सॲपचा आणि फेसबुकचा मालक कोण, आणि त्याच्या कारभाराने आपल्याला काय फरक पडतो, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, मालक कोणी का असेना, आपले काम झाल्याशी कारण. पण डिलाईल रोडवर राहणाऱ्यांनी तरी असे म्हणू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरणी चालत असे कामगाराच्या घामावर. पण ती पुढे चालवायची की तिची जमीन विकायची, हे ठरवताना त्याला कोणी विचारले नाही. चाळीचेही तसेच. चाळ विकली गेली हे भाडेकरूला कळायचे कधी, तर पावतीवर निराळे नाव आले म्हणजे. मग गच्चीला कुलूप लागायचे, पाण्याची वेळ बदलायची. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ते असे.

मोबाइलवर आपण सगळ्या भाडेकरूच आहोत. फरक इतकाच, की आपल्या हाती पावती नाही.

व्हॉट्सॲपचेच पाहा. २००९ साली अमेरिकेत जान कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी ते काढले. जाहिराती घ्यायच्या नाहीत, असा त्यांचा बाणा होता. पहिल्या वर्षानंतर वर्षाला सुमारे एक डॉलर घ्यावा, अशी पद्धत होती. २०१४ साली फेसबुकने ते १,९०० कोटी डॉलरला विकत घ्यायचे ठरवले. म्हणजे त्या वेळच्या भावाने एक लाख कोटी रुपयांहून जास्त! तेव्हा तिथे कामाला माणसे होती जेमतेम पन्नास-पंचावन्न. मग एवढे पैसे कशाचे मोजले? यंत्रांचे नव्हेत, इमारतीचे नव्हेत. त्यावर असलेल्या पंचेचाळीस कोटी माणसांचे, म्हणजे तुमचे-आमचे. २०१६ साली तो एक डॉलरही बंद झाला. आपल्याला आनंद झाला, की फुकट मिळाले! पण वाण्याच्या दुकानात पैसे देणारा तो गिऱ्हाईक. इथे पैसे देतो जाहिरातवाला. मग आपण कोण, याचा विचार ज्याचा त्याने करावा. पुढे २०१७ साली ॲक्टन आणि २०१८ साली कूम, दोघेही कंपनी सोडून गेले. जून २०२५ मध्ये तिथेही जाहिराती दाखवण्याचे जाहीर झाले. बाणा होता तो जुन्या मालकाचा; तो काही खरेदीखतात येत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये आपल्या सर्वांच्या मोबाइलवर एक सूचना आली होती, आठवते? ‘नवे नियम मान्य करा.’ आपण न वाचताच बोट दाबले. मीही दाबले. आपण आपसांत काय लिहितो, ते कंपनीलाही वाचता येत नाही असे ती सांगते, आणि तसे कुलूप २०१६ पासून आहे. पण आपला नंबर, आपला मोबाइल कोणता, दुकानदारांशी आपला व्यवहार काय, ही माहिती मूळ मालक कंपनीकडे जाण्याची ती वाट होती. युरोपात कायदा कडक, म्हणून तिथल्या लोकांना नियम निराळे, आपल्याला निराळे. पुष्कळ ओरड झाली, तेव्हा मुदत वाढवली आणि पुढे कोणाचे खाते बंद करणार नाही असेही सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच बाबतीत २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. म्हणजे ओरडल्याने काहीच होत नाही, असे नाही.

मालकाचा एक निर्णय किती मोठा असतो, ते आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला पोटासाठी भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मारणारे हात माणसांचेच होते, तो दोष यंत्रावर टाकून चालणार नाही. परंतु अफवेला वाट किती रुंद ठेवायची, हे मालकाच्या हाती होते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे जाहीर केले. हे आधी का नाही केले, हा प्रश्न मला अजून सतावतो.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम, तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली. पाट्या तीन, मालक एक, म्हणून तिन्ही दुकानांना एकदमच टाळे. त्याआधी २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आणली. देशाच्या सुरक्षेचे कारण होते. पण ज्या गावच्या बायकांनी त्यावर आपले नाव कमावले होते, त्यांचे सारे एका रात्रीत गेले.

आता घरची गोष्ट सांगते. आपल्या मंडळातील एक भगिनी दिवाळीचा फराळ करून विकते. पूर्वी तिची गिऱ्हाइकांची वही होती. ‘वही कशाला बाळगतेस, सगळे मोबाइलवर ठेव,’ असा शहाणपणा तिला मीच शिकवला. तिने चार वर्षे मोबाइलवरच्या एका पानावर गिऱ्हाइके जोडली. ऐन दिवाळीच्या तोंडावर, भाजणी दळून आणलेली, आणि पान बंद! नियम मोडला म्हणे. कोणता, ते सांगितले नाही. तक्रार केली तर ठरावीक उत्तर. चाळीच्या मालकाच्या दारात जाऊन निदान भांडता तरी येते. इथे दारच सापडत नाही. नंबर कुठे उतरवलेले नव्हते. ती भाजणी शेवटी आपणच वाटून घेतली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले.

म्हणून भगिनींनो, मोबाइल टाकून द्या असे मी म्हणत नाही. माझी मुलगी परगावी आहे, तिचे तोंड मला त्यातच दिसते. मी एवढेच म्हणते, की दुसऱ्याच्या घरात राहावे, पण आपली ट्रंक आपल्याजवळ असावी. माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाची सभासद-यादी आज केवळ ग्रुपवर आहे. ती चिटणीसबाईंनी वहीत उतरवून घ्यावी. सभेची सूचना जिन्याजवळच्या फळ्यावरही लिहावी. आणि ‘मान्य आहे’ असे दाबण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ते वाचून घ्यावे.

वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर फराळवाल्या भगिनीचे नाव आणि नंबर मी माझ्या हाताने लिहिला आहे. खाली आपापले नाव लिहूनच चहाला बसावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.