इमारतींची सुरक्षा : बंद दाराआड किती?



शासकीय इमारतींच्या सुरक्षेची चर्चा लोकांसमोर करावी काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. उपकोषागाराच्या किल्ल्या कोणाकडे असतात, रात्रीचा पहारा केव्हा बदलतो, हे चावडीवर सांगण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ नेही, जी माहिती उघड केल्याने कोणाच्या जीविताला धोका पोहोचेल ती न देण्याची मुभा ठेवली आहे. परंतु त्याच अधिनियमाचे कलम १० आपण फारसे वाचत नाही. गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा, असे ते सांगते.

दिनांक १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेच्या शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत १० अर्भके दगावली. छप्पर शाकारलेले आहे, हे काय गुपित होते? वाईट हेतूने येणाऱ्यास अशा गोष्टी न सांगताही दिसतात. बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की तेथे मोडकी बाके रचली आहेत, हे पालकांना मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून बंद दाराआड न्यावयाचे ते केवळ पहाऱ्याचे तपशील. अग्निशामक साधने केव्हा तपासली, दुरुस्तीचे काम का रखडले, हे ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरच यावे. आपल्या दिरंगाईवर सुरक्षेचे पांघरूण घालण्याचा मोह आम्हा अधिकाऱ्यांना होतो, हे मी अनुभवाने सांगतो. येत्या ग्रामसभेपूर्वी मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेचा मागचा दरवाजा उघडतो का, एवढे पाहून यावे.