पुढच्या भेटीची तारीख



रात्रपाळी सुटली की भिवंडीतल्या दवाखान्यांचे बाक भरू लागतात. बारा-बारा तास यंत्रमागावर उभा राहिलेला कारागीर अंगदुखी सांगतो, छातीत धडधडतं म्हणतो, आणि उठता उठता ‘झोपच लागत नाही’ हे पुटपुटतो. आपण केसपेपरवर चार शब्द लिहितो, पाच दिवसांच्या गोळ्या देतो आणि पुढच्याला आत बोलावतो. त्या पुटपुटण्यापाशी आपण थांबायला हवं, एवढंच मला आज सांगायचं आहे. कोण जीव देईल याचं भाकीत करणं आपलं काम नाही. नीट विचारणं आणि विचारल्यावर त्या माणसाचा हात न सोडणं, हे आपलं काम आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. देशभरात मरण पावलेल्यांपैकी सव्वीस टक्क्यांहून अधिक लोक रोजंदारीवर जगणारे होते. आत्महत्या म्हटली की आपल्याला विदर्भातलं शेत आठवतं. पण हातावर पोट असलेल्यांचं गाव म्हणून भिवंडीही या आकड्यांपासून दूर नाही. पाश्चात्त्य देशांतल्या चाळीस अभ्यासांचा २००२ साली आढावा घेतला गेला. त्यात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात साध्या डॉक्टरकडे जाऊन आल्याचं दिसलं. म्हणजे माणूस दारापर्यंत येतो. तिथे त्याला प्रश्न विचारला जात नाही.

विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती अनेकांना वाटते. ती प्रामाणिक आहे, पण संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. उलट, कुणीतरी विचारल्याने बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. मात्र विचारण्याची रीत हवी. बरोबर आलेल्या गाववाल्याला किंवा मुकादमाला दोन मिनिटं बाहेर बसवा. हिंदी, उर्दू, तेलुगू, मराठी, जी भाषा रुग्णाची, तिच्यात बोला. ‘एवढ्या त्रासात कधी जगणंच नकोसं वाटतं का?’ इथून सुरुवात करा. होकार आला, तर ‘जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलं आहे का? याआधी कधी प्रयत्न झाला होता का?’ असं सरळ, आवाज न चढवता विचारा. ‘असं वेडंवाकडं काही मनात नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर मिळतं, कारण तेच आपल्याला हवं असल्याचं रुग्णाला कळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रश्नावल्यांच्या गुणांवरून कोण मरेल हे ओळखता येत नाही, मग तपासायचं कशाला? भाकीत जमत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच रुग्णावर ‘कमी जोखीम’ असा शिक्का मारून त्याला घरी पाठवू नये. तपासायचं ते आज त्याला काय लागेल हे कळण्यासाठी. बेत ठरलेला असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू दूर ठेवायला घरच्यांना सांगायचं आणि सोबत माणूस देऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचं. तातडी नसेल तर त्याच्याबरोबर बसून एका कागदावर लिहायचं: मन बिघडू लागल्याची खूण कोणती, त्या वेळी काय केल्याने बरं वाटतं, कुणाला फोन करायचा. त्या कागदावर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही हवा.

यानंतर पाठपुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी सुमारे तासभर बोलणं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढाच तो उपाय होता. त्या गटातल्या ८७२ पैकी २ जण आत्महत्येने गेले. नेहमीचे उपचार मिळालेल्या ८२७ पैकी १८. नऊ वेळा केलेल्या साध्या विचारपुशीचं हे मोल आहे.

कर्ज, मंदी, घरातली भांडणं डॉक्टर कशी मिटवणार, असंही विचारलं जाईल. ती दवाखान्यात मिटणार नाहीत. मजुरी आणि कामाचे तास सुधारण्याची मागणी आपण नागरिक म्हणून केलीच पाहिजे. पण तोवर माणूस जिवंत राहायला हवा. पोलिसांच्या कटकटीची धास्तीही आता आड येऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि त्याची काळजी घेण्याचं कर्तव्य शासनावर टाकतं. तो आपल्यासमोर येतो तो रुग्ण म्हणून, आरोपी म्हणून नव्हे.

दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्याकडे वेळ नसतो, हे मला मान्य आहे. म्हणून हे काम वाटून घेऊ या. प्रश्न डॉक्टरने विचारावा, कागद परिचारिकेने लिहून घ्यावा, फोन आशाताईने करावा. अशा प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर औषधांच्या खाली पुढच्या भेटीची तारीख लिहा. त्या दिवशी तो आला नाही, तर संध्याकाळी दवाखाना बंद करण्याआधी त्याला फोन करा.