चाल ओळखीची, शब्द आपले
(तुमसर येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला इंग्रजी शिकण्याबद्दल बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून काहीजणी हसल्या. बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांना इंग्रजी कशाला, असं त्या हसण्यात होतं. म्हणून ‘कशाला’ इथूनच सुरुवात करते.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे चौथीनंतर जिची शाळा सुटली, तिच्या वाट्याला एबीसीडीही आली नाही. आणि शाळा सुटली कुणाची? धाकट्या भावंडांना सांभाळायला जी घरी राहिली तिची. आज तिची नात इंग्रजीचं पुस्तक पुढ्यात धरते, तेव्हा आजी नजर चुकवते.

पण इंग्रजी आपल्याला विचारून घरात येत नाही. ते औषधाच्या पट्टीवर असतं, बँकेच्या मेसेजमध्ये असतं आणि वरच्या कोर्टात तर असतंच. संविधानाच्या कलम ३४८ नुसार हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा इंग्रजी आहे. मथुरा खटला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९७२ साली आपल्याच झाडीपट्टीतल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं, की ‘सबमिशन’ म्हणजे ‘कन्सेंट’ का? मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती का? देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायद्यात बदल झाला. ज्या मुलीबद्दल हे शब्द झगडले, ते शब्द तिच्या भाषेतले नव्हते. म्हणून इंग्रजी शिकायची. साहेब दिसण्यासाठी नाही, आपल्याबद्दल काय लिहिलं जातं ते कळण्यासाठी.

आता ‘कसं’ ते सांगते. आमचा वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी भरतो. पुस्तकातलं वाक्य म्हणा म्हटलं की तोंडं मिटतात. चुकले तर लोक हसतील, ही भीती लहानपणापासून बसलेली. पण त्याच बायका रोवणीत दिवसभर गातात! गाताना कुणालाच भीती वाटत नाही, कारण चाल पाठ असते आणि सोबतीला दहा गळे असतात. म्हणून आम्ही ठरवलं, चाल तीच ठेवायची आणि शब्द इंग्रजीत घालायचे.

आपली भुलाबाईची गाणी आठवा. कितीतरी गाण्यांत कडवं तेच राहतं, फक्त सासू जाऊन सासरा येतो, मग दीर, मग नणंद. एक शब्द बदलायचा, बाकी ओळ तशीच. भाषा शिकवणारे मास्तर याच युक्तीला सराव म्हणतात. आपल्या आज्यांनी तो सराव फेर धरून केला.

आमच्या विडीवाल्या बायकांनी बांधलेल्या दोन ओळी सांगते :

आय रोल बिडीज, यू काउंट,
टेल मी, टेल मी द अमाउंट!

विड्या मी वळते, मोजतोस तू, तर हिशेब सांग. पुढच्या कडव्यात ‘आय’ काढून ‘शी’ घातलं, की ‘रोल’चं ‘रोल्स’ होतं. फळ्यावर दहादा लिहून न बसलेला तो ‘स’ गाण्यात बसला, कारण तो गाळला की कान लगेच टोचतो.

गाणं बांधताना भाषेची तऱ्हा उघडी पडते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वळते, दळते, जळते, असं यमक आपोआप जुळतं. इंग्रजीत ते मध्ये येतं आणि ओळ संपते विडीवर, धानावर, पैशावर. मग यमकासाठी वस्तूंची नावं शोधावी लागतात. एकीने विचारलं, ‘मी वळते’ म्हटलं तर बाई आहे हे कळतं, ‘आय रोल’मध्ये बाई गेली कुठं? प्रश्न खरा आहे. पण सगळ्यांत जास्त आवडलं ते ‘यू’. तू आणि तुम्ही दोन्हींना एकच शब्द! ठेकेदाराला ‘यू’, मालकाला ‘यू’ आणि त्यांनी मलाही ‘यू’च म्हणायचं. त्याने मजुरी वाढत नाही, हे आम्हाला कळतं. तरी मान थोडी वर होते.

यात नवल काही नाही. सत्यशोधकांनी जलसे केले, आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, सिनेमाच्या चालींवर भीमगीतं झाली, आपल्या चळवळीची कितीतरी गाणी लोकगीतांच्या चालींवर आहेत. सावित्रीबाईंनी तर १८५४ सालच्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिका असं कवितेतूनच सांगितलं.

वर्ग सुरू करणार असाल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. देवाच्या आरत्यांना हात लावू नका, कुणाचं मन दुखवायचं नाही. निवडायचं तर सगळ्यांना पाठ असलेलं, फिरून फिरून तीच ओळ येणारं गाणं निवडा. शब्द बायकांच्या कामातले घ्या : वेजेस, रिसीट, साइन, मेंटेनन्स. आणि गाण्यावर थांबू नका. चालीत शब्द ताणला जातो, जोर भलत्याच अक्षरावर पडतो, आणि बँकेच्या खिडकीशी कुणी गाऊन बोलत नाही. म्हणून गाऊन झालं की तीच ओळ चालीशिवाय बोलायची. अर्ध्याजणी ठेकेदार व्हा, अर्ध्या मजूर व्हा आणि समोरासमोर हिशेब मागा.

कुणी म्हणेल, मग मराठीचं काय? १९६४ च्या कायद्याने मराठी ही राज्याची राजभाषा आहे. आपला कागद आपल्या भाषेत मिळाला पाहिजे, ही मागणी एक पाऊलही मागे घ्यायची नाही. पण तोवर समोर आलेल्या इंग्रजी कागदावर अंगठा टेकवून गप्प बसायचं नाही. ‘व्हॉट इज धिस?’ एवढं तरी विचारायचंच.

तर येत्या रोवणीत प्रत्येक मंडळाने एक तरी गाणं बांधा. आपल्या चालीवर, आपल्या कामाचं. पुढच्या मेळाव्यात ती सगळी ऐकायची आहेत.